आधी मास्तर, मग पुढारी

(१९७५ च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'स्वातंत्र्यलढ्यातील थोर नेते' आणि वेळ दिला आहे वीस मिनिटांचा. दादाभाई नौरोजींपासून सुभाषबाबूंपर्यंत नुसती नावं घ्यायची म्हटली तरी मागे उकळत असलेला चहा गार होईल. म्हणून मी विषय थोडा आवळून घेतला आहे. शाळेचा मेळावा आहे, तर शाळेतल्याच पुढाऱ्यांबद्दल बोलू. म्हणजे जे आधी मास्तर होते आणि मग पुढारी झाले, त्यांच्याबद्दल.

आपली तुकडी म्हणजे नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी. त्याच वर्षी जुन्या अकरावीवालेही बसले होते, आणि 'तुमच्यावर प्रयोग चाललाय' असं ते आपल्याला चिडवायचे. त्या प्रयोगात आपल्या इतिहासाच्या पुस्तकात टिळक होते, गोखले होते, आगरकर होते. टिळक जहाल, गोखले मवाळ, आगरकर सुधारक. एकेका शब्दात एकेक माणूस. जोड्या लावा, गाळलेल्या जागा भरा, पाच गुण. पुढे मी स्वतः तीस वर्षं इतिहास शिकवला आणि मुलांकडून याच जोड्या लावून घेतल्या, कारण परीक्षेत तेच येतं. पण वर्गात मी एक गोष्ट आवर्जून सांगायचे, तीच आज तुम्हाला सांगते. ही तिन्ही माणसं एकाच संस्थेची शिक्षक होती. एकाच घंटेवर वर्गात जात होती.

गोष्ट सुरू होते डेक्कन कॉलेजात. टिळक आणि आगरकर दोघे एकाच वर्षी जन्मलेले, १८५६ च्या जुलैत. आगरकर १४ तारखेला, टिळक २३ तारखेला. नऊ दिवसांचं अंतर. टिळक रत्नागिरीचे, शिक्षणखात्यातल्या अधिकाऱ्याचे चिरंजीव. आगरकर आपल्याकडचे, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. आज टेंभू म्हटलं की आपल्याला उपसा सिंचन योजना आठवते, आणि पाणी आलं का नाही एवढंच आपण विचारतो. त्या टेंभूचा हा मुलगा गरिबीत शिकला. कॉलेजात असताना अंगात घालायला एकच सदरा होता, तो रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत आहे. अशा मुलाने एम. ए. झाल्यावर काय करायला हवं होतं? घरचे काय म्हणत असतील? आपल्यातल्या प्रत्येकाच्या आईने जे म्हटलं तेच. सरकारी नोकरी धर.

आगरकरांनी आईला कळवलं की मुलगा मोठ्या परीक्षा देतोय म्हणजे आता मोठा पगार आणेल, अशी आशा धरू नकोस. पोटापुरतं मिळवीन आणि उरलेला वेळ लोकांच्या कामात घालवीन. हे पत्र पुढे प्रसिद्ध झालं. आपण त्या पत्राचं कौतुक करतो, पण मला त्या आईचा विचार मनातून जात नाही. ते पत्र वाचून दाखवल्यावर तिने काय केलं असेल, हे कुठल्या चरित्रकाराने लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

तर १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर, निबंधमालेचे कर्ते, सरकारी शाळेतली मास्तरकी सोडून आलेले. त्यांच्याबरोबर टिळक. पुढे आगरकर, नामजोशी, वामन शिवराम आपटे. संस्कृत कोशवाले ते आपटे हेच. टिळक गणित आणि संस्कृत शिकवत. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८१ मध्ये, याच मंडळींनी 'केसरी' आणि 'मराठा' काढले. केसरीचे पहिले संपादक टिळक नव्हते, आगरकर होते. दिवसा शाळा आणि बाकीच्या वेळात छापखाना, असा हा संसार होता.

शिक्षक वर्तमानपत्र चालवू लागले की काय होतं ते १८८२ साली दिसलं. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय आणि त्यात दिवाण बर्व्यांचा हात आहे, असा मजकूर केसरी-मराठ्यात आला. ज्या पत्रांच्या आधारावर हे छापलं ती पत्रं खोटी निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे बाहेर आले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. आज एखाद्या शाळेच्या दोन शिक्षकांना अशी शिक्षा झाली, तर संस्थाचालक काय करतील आणि पालक दाखले काढायला येतील की नाही, याचा तुम्हीच विचार करा. ती शाळा बंद पडली नाही. उलट दोन वर्षांनी, १८८४ साली, डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. नाव मात्र मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचं. संस्था चालवणं म्हणजे काय असतं, हे या एका नावावरून कळतं.

या १८८२ सालात आणखी एक गोष्ट घडत होती, आणि ती आपल्या पाठ्यपुस्तकात वेगळ्या धड्यात असायची. जोतीराव फुले. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलच्या बत्तीस वर्षं आधी. चिपळूणकरांनी निबंधमालेत फुल्यांवर किती कडवट टीका केली होती, ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे. तरीही टिळक-आगरकरांवर खटला भरला गेला तेव्हा फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी जामिनाची सोय केली, असं फुल्यांच्या चरित्रांत नोंदवलेलं आहे.

आणि दोघे तुरुंगात होते त्याच ऑक्टोबर महिन्यात फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपलं निवेदन मांडलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक होता होईल तो शेतकऱ्यांच्या घरांतून घ्या. मंडळी, आपल्या वर्गात शेतकऱ्यांची मुलं किती होती ते आठवा, आणि मग हे वाक्य कुणासाठी होतं ते समजेल.

आता फर्ग्युसनकडे परत येऊ. १८८५ साली एक विशीच्या आतला तरुण शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून आला. गोपाळ कृष्ण गोखले. तो लवकरच आजीव सदस्य झाला. आजीव सदस्य म्हणजे वीस वर्षं ठरलेल्या तुटपुंज्या पगारावर संस्थेचंच काम करण्याची शपथ. गोखल्यांनी इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवलं. शाळांसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं, ते पुष्कळ चाललं. कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना हा माणूस सरकारला आकड्यांत पकडायचा. ती सवय त्याला फळ्यासमोर लागली होती, असं माझ्यासारख्या मास्तरणीला वाटलं तर त्यात नवल नाही.

म्हणजे पाहा, एका टीचर्स रूममध्ये टिळक, आगरकर आणि गोखले. असं स्टाफ मीटिंगचं प्रोसीडिंग कुठल्या मुख्याध्यापकाच्या नशिबी आलं असेल?

आणि व्हायचं तेच झालं. भांडणं झाली. त्यातली काही तत्त्वाची होती. आगरकर म्हणत, आधी घरातले जुलूम मोडा. बालविवाह, विधवांचं केशवपन, जातीचा जाच हे ठेवून कुठलं स्वातंत्र्य आणणार? टिळक म्हणत, परक्या सरकारला आपल्या घरात कायदे करायला बोलवू नका, आधी राज्य आपलं होऊ दे. १८८७ साली आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. त्यातला इंग्रजी मजकूर गोखले पाहत. संमतिवयाच्या कायद्याला १८९१ साली टिळकांनी विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला. मुलींच्या हायस्कुलात, म्हणजे आपण ज्याला हुजूरपागा म्हणतो तिथे, मुलींना मुलांसारखंच इंग्रजी शिक्षण देण्याला केसरीने विरोध केला. मी मुलगी म्हणून शिकले आणि शिकण्यावरच पोट भरलं, तेव्हा हे मी टिळकांच्या खात्यावर लिहून ठेवलेलं आहे. त्याच खात्यावर १९०८ सालची मंडालेची सहा वर्षंही लिहिलेली आहेत. ती एका बाजूची रक्कम दुसऱ्या बाजूतून वजा होत नाही. दोन्ही तशाच राहतात.

पण काही भांडणं अगदी आपल्यासारखी होती. आजीव सदस्याने बाहेरचं उत्पन्न घ्यावं की नाही. शाळेबाहेरची कामं किती अंगावर घ्यावी. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, ते टिळकांना पटलं नाही. १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. जी संस्था स्वतःच्या हातांनी उभी केली, तिच्यातून ते चौतिसाव्या वर्षी बाहेर पडले.

टिळक गेले, गणित शिकवायला माणूस हवा होता. गोखल्यांनी मुंबईहून आपल्या ओळखीच्या एका शिक्षकाला बोलावलं. १८९१ साली तो फर्ग्युसनमध्ये आला. नाव धोंडो केशव कर्वे. दोन वर्षांनी त्यांनी विधवेशी लग्न केलं, पुढे हिंगण्याचा आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केलं. एका माणसाने रिकाम्या केलेल्या गणिताच्या तासावर दुसरा माणूस उभा राहिला आणि देशाला महिला विद्यापीठ मिळालं. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. शाळेत एक तास रिकामा होता एवढंच.

आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दमा जडलेला होताच. जिवंतपणी लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, ती त्यांनी स्वतः पाहिली. १७ जून १८९५ ला ते गेले, वय एकोणचाळीससुद्धा पुरं झालं नव्हतं. टिळकांनी केसरीत मृत्युलेख लिहिला. गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा टिळक सिंहगडाहून खाली आले आणि स्मशानात त्यांच्याबद्दल बोलले. हिंदुस्थानचा हिरा म्हणाले. ज्यांच्याशी पंचवीस वर्षं भांडले, सुरतेत ज्यांच्या पक्षाशी उघड फाटलं, त्यांच्याबद्दल. भांडण मिटलं होतं असा याचा अर्थ मी काढत नाही. भांडण असतानाही माणसाची किंमत कळत होती, एवढाच काढते.

आता त्यांच्यातल्या मवाळ म्हटल्या गेलेल्या माणसाने काय मागितलं ते ऐका. गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना द्या, तोही जिथे ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात तिथे. मागणं इतकं बेताचं होतं. १९१२ च्या मार्चमध्ये ते फेटाळलं गेलं. सरकार म्हणालं पैसा नाही. जमीनदारांना धास्ती होती, सगळी पोरं शाळेत गेली तर शेतावर कोण राबणार? पाच वर्षांनी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते करून दाखवलं. आणि आपल्याच कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला बसवली आणि 'कमवा आणि शिका' म्हणून शिकवली. टेंभू आणि काले एकाच तालुक्यातली गावं. पुण्याच्या शाळेत जे मूल पोचू शकत नव्हतं, त्याच्याकडे शाळा चालत गेली, ती इथून.

फुल्यांनी १८८२ मध्ये मागितलेली गोष्ट मूलभूत हक्क म्हणून या देशात लागू झाली १ एप्रिल २०१० रोजी. मधे १२७ वर्षं गेली. आपण १९७५ साली शाळा सोडली तेव्हा तो हक्क राज्यघटनेत नव्हता. आपल्या पाचवीच्या वर्गातली जी नावं दहावीच्या यादीत नाहीत, ती का नाहीत हे आपल्याला माहीत आहे. कुणाला गुरं होती, कुणाला धाकटी भावंडं होती, कुणाचं लग्न होतं. आज इथे आलेल्यांचा सत्कार झाला, तो व्हायलाच हवा. पण स्वातंत्र्यलढ्याचं उरलेलं काम कोणतं असं मला कुणी विचारलं, तर मी त्या गळलेल्या नावांकडे बोट दाखवीन.

आता थोडं घरचं बोलते. आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आहे. त्याचं काय करायचं यावर आपल्या ग्रुपवर पंधरा दिवस काय चाललं होतं ते सगळ्यांनी पाहिलं. सभागृहात पुढाऱ्यांचे अर्धपुतळे बसवायचे, यावर बहुतेकांचं एकमत झालं. मग कुणाचे, यावर गाडी अडली. एकाने यादी टाकली, दुसऱ्याने त्यातली दोन नावं खोडली, तिसऱ्याने विचारलं फुले-आंबेडकर आधी का नाहीत, चौथ्याने शिवाजी महाराजांशिवाय सुरुवात कशी म्हटलं, आणि दोघे ग्रुप सोडून गेले. त्यातला एक आज पहिल्या रांगेत बसला आहे, याचा मला आनंद आहे. दुसऱ्याला आज संध्याकाळी फोन करायचं काम मी अंगावर घेतलं आहे.

माझं म्हणणं असं. ज्यांचे पुतळे बसवण्यावरून आपण भांडतो, ते एकमेकांशी आपल्यापेक्षा जास्त भांडले. पण त्यांचं भांडण शाळेत काय शिकवावं, कुणाला शिकवावं आणि कशासाठी शिकवावं यावर होतं. आपलं भांडण कुणाची मान उंच यावर आहे. म्हणून मी तीन सूचना मांडते. पटल्या तर घ्या, नाहीतर चहानंतर मला सांगा.

पहिली. पुतळे नकोत, साध्या चौकटीतल्या तसबिरी लावू. सगळ्यांच्या लावू. सावित्रीबाई, जोतीराव, चिपळूणकर, टिळक, आगरकर, गोखले, कर्वे, शाहू महाराज, भाऊराव, बाबासाहेब, आणि अमळनेरच्या शाळेतली नोकरी १९३० साली सोडून सत्याग्रहात गेलेले साने गुरुजीसुद्धा. प्रत्येकाखाली एक छोटी पाटी. हे काय शिकवत होते आणि कुणाशी कशावरून वाद घालत होते, एवढंच त्यावर लिहू. मुलं वाचतील, वर्गात येऊन शिक्षकांना अडचणीचे प्रश्न विचारतील. विचारू देत.

दुसरी. वाचलेला पैसा वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलींसाठी ठेवू. दहावीनंतर ज्यांचं शिक्षण केवळ जाण्यायेण्याच्या आणि राहण्याच्या खर्चापायी थांबतं, त्यांना बारावीपर्यंत पोचवू. मुख्याध्यापिका बाईंकडे अशा मुलींची नावं आहेत. ती मी इथे वाचणार नाही, ती समारंभात वाचायची गोष्ट नाही. आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत जी ऊसतोड कुटुंबं आपल्या शिवारात मुक्कामाला असतात, त्यांची पोरं शाळेच्या गेटपर्यंत येतात आणि तिथूनच परत जातात. त्यांना वर्गात बसवण्याची सोय कशी करता येईल, हे आजच्या शिक्षकांबरोबर बसून ठरवू. कायदा आहे. कायदा गेटबाहेर उभा राहून चालत नाही.

तिसरी सूचना पैशाची नाही, म्हणून ती सगळ्यांत अवघड आहे. आपण सगळे आता निवृत्त आहोत. आपल्यात परिचारिका आहेत, बँकेतले आहेत, एसटीत उभं आयुष्य काढलेले आहेत, दोन अभियंते आहेत, द्राक्षाची बाग करणारे आहेत. आपल्या शाळेत तुकड्या कमी होत चालल्या आहेत, रिक्त जागा भरल्या जात नाहीत, एकेक शिक्षक दोन-दोन विषय ओढतो आहे. शिक्षक नेमणं हे सरकारचं काम आहे आणि ते सरकारकडे मागत राहिलं पाहिजे, त्यात कसूर नको. पण मागणं पूर्ण होईपर्यंत मुलांचा तास रिकामा का जावा? महिन्यातला एक शनिवार प्रत्येकाने द्यावा.

सातवीच्या वर्गाचा पहिला शनिवार मी घेतला आहे, विषय इतिहास. बाईंनी वेळापत्रक मागे फळ्यावर लावलं आहे आणि खडूही ठेवला आहे. इंग्रजीला नाव आलं आहे. विज्ञानाला दोन आली आहेत. गणिताची जागा अजून रिकामी आहे. आपल्या तुकडीत गणितात पैकीच्या पैकी मिळवणारे निदान तीन जण होते आणि तिघेही मला इथून दिसताहेत.

चहाला उठाल तेव्हा फळ्यावरून जा.